डेटाबेसलाही हवी फेरफारवही

सातबारा पाहिला की जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळतं. ती त्या नावावर कशी आली, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी उताऱ्यावरचा फेरफार क्रमांक टिपून घ्यायचा आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडायची. खरेदी, वारस, वाटणी, कर्जाचा बोजा अशा प्रत्येक बदलाची तिथे क्रमवार, तारखेनिशी नोंद असते. नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मग सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. म्हणजे स्थिती एका कागदावर, बदल दुसऱ्या कागदावर आणि दोघांना बांधणारा एक क्रमांक. वाद कोर्टात गेला की वकील जुने फेरफार काढायला सांगतात ते यासाठीच. आपली बँक, दवाखाना, शाळा, वीजबिल ज्या डेटाबेसवर चालतात तिथे ही दुसरी वही पुष्कळदा नसते किंवा असूनही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ती ठेवणारी साधनं आज सहज मिळतात, काही फुकटही मिळतात. तरी नोंद केल्याशिवाय बदल होऊच शकणार नाही अशी व्यवस्था लावली नाही, तर वही बघता बघता खोटी पडते. म्हणून या साधनांच्या सेटिंगचा प्रश्न वरवर तांत्रिक दिसला, तरी मुळात तो अधिकार कोणाला द्यायचा याचा प्रश्न आहे.

डेटाबेस म्हटलं की माहितीचा साठा डोळ्यांसमोर येतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे माहिती: अमुक खातेदाराची शिल्लक, तमुक रुग्णाचा रक्तगट. दुसरी म्हणजे त्या माहितीचा साचा: कोणती टेबलं आहेत, त्यात कोणते कॉलम आहेत, कोणता कॉलम रिकामा सोडता येत नाही, कोणतं टेबल कोणाशी जोडलंय. माहिती क्षणाक्षणाला बदलते आणि तिच्या नोंदी व्यवहारातच राहतात. साचा कधीमधी बदलतो, पण तो बदलला की वरचा सगळा डोलारा हलतो. आयएफएससी कोडसाठी नवा कॉलम, पॅन नंबर सक्तीचा करणं, एका टेबलची दोन करणं हे सगळे साच्यातले बदल. पुष्कळ ठिकाणी ते असे होतात: कोणीतरी थेट चालू सर्व्हरवर लॉगिन करतं, दोन ओळींची आज्ञा देतं, काम झालं म्हणून खिडकी बंद करतं. वर्षभराने त्या कॉलमचं प्रयोजन विचारलं तर सांगणारा नोकरी सोडून गेलेला असतो. मग तो कॉलम काढायची हिंमत कोणी करत नाही.

प्रोग्रामच्या कोडबाबत ही स्थिती केव्हाच मागे पडली. बेल लॅबमध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये कोडच्या आवृत्त्या जपणारी पहिली महत्त्वाची प्रणाली लिहिली. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट तयार केलं आणि आज कॉलेजातली मुलंसुद्धा प्रोजेक्ट गिटवर ठेवतात. डेटाबेस मागे राहिला त्याला कारण आहे. कोड जुना झाला तर सगळा पुसून नवा ठेवता येतो. डेटाबेसचं तसं नाही. साचा बदलायचा तो आतली माहिती सांभाळून. भाडेकरू आत राहत असताना वाडा दुरुस्त करण्यासारखं हे काम. त्यामुळे नव्या आवृत्तीची फाइल आणून ठेवली एवढ्याने भागत नाही, जुन्यापासून नव्यापर्यंत कसं जायचं तेही लिहावं लागतं. मार्टिन फाउलर आणि प्रमोद सदलगे यांनी २००३ मध्ये डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने, नोंदी ठेवत कशी वाढवावी यावर निबंध लिहिला. २००६ मध्ये स्कॉट अँबलर आणि सदलगे यांचं डेटाबेसच्या पुनर्रचनेवरचं पुस्तक आलं. त्याच सुमारास लिक्विबेस आणि पुढे २०१० मध्ये फ्लायवे ही साधनं आली.

या साधनांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला सातबाऱ्याचा: डेटाबेस शेवटी कसा दिसायला हवा ते लिहून ठेवा, साधन आजच्या डेटाबेसशी त्याची तुलना करेल आणि फरक भरून काढणाऱ्या आज्ञा स्वतःच तयार करेल. दुसरा फेरफाराचा: प्रत्येक बदलाची आज्ञा माणसाने लिहायची, तिला क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमाने चालवायची. पहिला पंथ आळशी माणसाला आवडावा असा आहे आणि बहुतेक वेळा तो चालतोही. त्याची मर्यादा साध्या नाव बदलण्यात दिसते. समजा ग्राहकांच्या टेबलात 'मोबाइल' नावाचा कॉलम आहे आणि त्याचं नाव 'संपर्क क्रमांक' करायचं आहे. तुलना करणाऱ्या साधनाला काय दिसतं? जुन्यात 'मोबाइल' आहे, नव्यात नाही. नव्यात 'संपर्क क्रमांक' आहे, जुन्यात नाही. त्याने काढलेला अर्थ: पहिला कॉलम काढा, दुसरा घाला. या दोन आज्ञा बिनतक्रार चालतात, साचा हवा तसा होतो आणि सगळ्या ग्राहकांचे नंबर नाहीसे होतात. चांगली साधनं इथे माहिती जाईल असा इशारा देतात, काहींना तर हा कॉलम तोच आहे असं आधी सांगूनही ठेवता येतं. पण ते सांगावं लागतं. आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती एवढंच हातात असेल तर मधलं पाऊल कोणतं होतं हे त्यातून निघत नाही. हेतू फक्त बदल करणाऱ्याला ठाऊक असतो, म्हणून तो त्यानेच लिहावा.

हेच आपल्या जिल्ह्यांच्या यादीवर पडताळून पाहता येईल. कुठल्याही फॉर्मवर जिल्हा निवडायची यादी येते, ती डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलातून येते. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जिल्ह्याला स्वतःचा कोड असेल आणि बाकीची टेबलं त्या कोडनेच जोडलेली असतील तर हा दोन ओळींचा बदल. कोड तोच, नाव नवं. १ ऑगस्ट २०१४ ला झालेला बदल मात्र वेगळ्या जातीचा होता. त्या दिवशी ठाण्यातून पालघर हा ३६वा जिल्हा निघाला आणि वसईपासून तलासरीपर्यंतचे आठ तालुके तिकडे गेले. यादीत एक ओळ वाढवली की ३६ जिल्हे दिसतात खरे, पण आठ तालुक्यांची जोडणी बदलायची राहते. शिवाय २०१२ साली डहाणूहून आलेला अर्ज आता ठाण्याच्या अहवालात मोजायचा की पालघरच्या, हे कोणीतरी ठरवायला हवं. दोन्ही उत्तरांना आधार आहे. दहा वर्षांनी आकडे जुळेनात तेव्हा टेबलात ३६ ओळी बघून काही उमगणार नाही. त्या दिवशीच्या नोंदीत निर्णय आणि त्याचं कारण लिहिलेलं असेल तरच उमगेल. यातून सेटिंगची आणखी एक गोष्ट निघते. जिल्हे, कराचे दर, शाखांचे कोड अशी संदर्भाची टेबलं माहिती असली तरी ती नोंदवहीत यायला हवीत, कारण प्रोग्राम त्यांच्यावर साच्याइतकाच अवलंबून असतो. साधनाला ही टेबलं नावानिशी सांगावी लागतात, आपोआप ती येत नाहीत.

आता 'कमिट' या शब्दाकडे वळू, कारण इथे एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत अडकतात. डेटाबेसच्या भाषेत कमिट म्हणजे व्यवहार पक्का करणं. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा झाले, दोन्ही नीट झालं तर पक्कं करा, नाहीतर काहीच झालं नाही असं समजा. गिटच्या भाषेत कमिट म्हणजे इतिहासात एक नोंद घालणं: कोणी, कधी, काय बदललं आणि का. साच्याच्या बदलात हे दोन्ही कमिट एकाच मापाचे असावेत, म्हणजे वहीतली एक नोंद ही डेटाबेसवर एकदम पूर्ण होणारी किंवा एकदम रद्द होणारी एकच गोष्ट असावी. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये साच्यातले बहुतेक बदलही व्यवहारात बांधता येतात, तिसरी आज्ञा फसली तर पहिल्या दोन मागे घेतल्या जातात. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये साच्याची आज्ञा चालली की ती तिथल्या तिथे पक्की होते. अशा ठिकाणी पाच आज्ञांची एक फाइल तिसरीवर अडली तर डेटाबेस ना जुना राहतो ना नवा. म्हणून तिथे एका फाइलमध्ये एकच आज्ञा ठेवावी.

फ्लायवेमध्ये ही नोंद जवळून बघण्यासारखी असते. फाइलच्या नावातच सगळं असतं: सुरुवातीला आवृत्तीचं अक्षर, मग क्रमांक, दोन अंडरस्कोअर आणि बदलाचं वर्णन. फाइल चालली की साधन त्याच डेटाबेसमधल्या एका खास टेबलात ओळ लिहितं: क्रमांक, वर्णन, फाइलचं नाव, कोणत्या खात्यातून चालवली, केव्हा, किती वेळ लागला, यशस्वी झाली की नाही. त्यात एक चेकसमही असतो, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. एकदा चाललेली फाइल नंतर कोणी गुपचूप दुरुस्त केली तर आकडा जुळत नाही आणि साधन पुढे जायला नकार देतं. मंजूर झालेला फेरफार खाडाखोड करून बदलत नाहीत, चूक असेल तर दुरुस्तीची नवी नोंद धरतात. तोच न्याय इथे. क्रमांकाचीही एक गंमत आहे. दोघांनी आपापल्या टेबलावर बसून ४२ हाच क्रमांक घेतला तर दोन्ही कामं एकत्र आणताना साधन अडतं. म्हणून मोठ्या गटात क्रमांकाऐवजी तारीख आणि वेळ वापरायची पद्धत पडली आहे. वर्णनात मात्र साधन मदत करू शकत नाही. 'बदल केले', 'फिक्स', 'सरांनी सांगितलं' अशा नोंदी साधनाला चालतात. कामाचा क्रमांक आणि निदान एक पूर्ण वाक्य असल्याशिवाय कमिट स्वीकारायचंच नाही असा नियम गिटच्या सर्व्हरवर लावता येतो आणि तो लावावा.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. रेडगेटच्या एसक्यूएल सोर्स कंट्रोलसारखं साधन जोडताना सुरुवातीलाच विचारतं, की सगळे मिळून एकच डेटाबेस वापरता की प्रत्येकाचा वेगळा आहे. घाईत या प्रश्नावर कोणी थांबत नाही, पण पुढचं बरंच काही त्याच्या उत्तरावर ठरतं. एकच सामाईक डेटाबेस असेल तर एकाने अर्धवट केलेला बदल दुसऱ्याच्या यादीत दिसतो, तिसरा तो स्वतःच्या नावावर कमिट करून मोकळा होतो आणि 'कोणी केलं' या रकान्यातलं नाव पहिल्या दिवसापासून अविश्वासार्ह ठरतं. प्रत्येकाला स्वतःचा डेटाबेस दिला तर सेटिंगचं काम वाढतं, पण नोंद आणि माणूस यांची गाठ पक्की राहते. दुसरी सेटिंग परवानगीची. चालू डेटाबेसवर साचा बदलायचा हक्क फक्त त्या एका खात्याला असावा, ज्यातून नोंदवहीतल्या फाइली चालतात. बाकी सगळ्यांना, अगदी ज्येष्ठ डेटाबेस प्रशासकालाही, रोजच्या खात्यातून फक्त वाचायचा हक्क. तिसरी सेटिंग दुसऱ्या माणसाच्या नजरेची. बदल लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळे असावेत आणि मंजुरीशिवाय गिटच्या मुख्य शाखेत काही मिसळू नये. नोटीस, हरकत, मंजुरी ही फेरफाराची जुनीच चाल आहे.

मागचं दार बंद ठेवण्याचा हा आग्रह अतिरेकी वाटत असेल, तर आपल्याच कायद्याकडे पाहावं. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून भारतातल्या कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारखेनिशी लॉग ठेवणं बंधनकारक आहे आणि तो लॉग बंद करता येणार नाही असंही नियमात आहे. त्यानंतर अनेक ऑडिट अहवालांत एक शेरा दिसू लागला: सॉफ्टवेअरमध्ये लॉग आहे, पण डेटाबेसमध्ये थेट शिरून केलेल्या बदलांचा नाही. तो नियम माहितीबद्दल आहे, साच्याबद्दल नाही. तरी ऑडिटरच्या नजरेला जे खुपलं ते हेच, की पुढच्या दारावर रजिस्टर ठेवून उपयोग काय, जर मागचं दार उघडं असेल. वही आणि वस्तुस्थिती यांत पडणाऱ्या या फटीला या क्षेत्रात ड्रिफ्ट म्हणतात. ती केवढ्याला पडू शकते ते अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने दाखवलं. १ ऑगस्ट २०१२ ला तिच्या आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड होता, आठव्यावर जुनाच राहून गेला होता. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त गमावले. दुसऱ्या कोणी हे काम तपासलं नव्हतं, तसं तपासायची लेखी पद्धतही नव्हती, असं तिथल्या बाजार नियामकाने नंतर नोंदवलं. ती चूक कोडची होती, डेटाबेसची नव्हती. पण सगळीकडे सारखंच आहे हा न तपासलेला समज दोन्हीकडे एकच. म्हणून रोज रात्री चालू डेटाबेसचा साचा नोंदवहीशी ताडून पाहायचा आणि तफावत दिसली की सकाळी कळवायचं, एवढं काम यंत्राला लावून ठेवायला हवं.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांचाच असतो: रात्री दोनला सर्व्हर बसला, ग्राहक खोळंबलेत, अशा वेळी मंजुरीची वाट कोण पाहणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून तातडीचं एक वेगळं खातं ठेवावं, वापरलं की सगळ्यांना संदेश जावा आणि केलेला बदल दुसऱ्या दिवशी फाइल म्हणून वहीत यावा. मार्ग असू द्यावा, तो मुका असू नये. दुसरा आक्षेप लहानांचा: आम्ही तिघंच जण, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं. उलट गरज इथे जास्त आहे. समजा दोघातिघांचा एक गट पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो आणि ते वीस पतसंस्थांत बसवलंय. कोणी यंदाचं अपडेट घेतलंय, कोणी तीन वर्षांपूर्वीचंच वापरतंय. डेटाबेस वीस, अवस्था वीस. प्रत्येकात इतिहासाचं टेबल असेल तर साधन स्वतः पाहतं की इथे ३१पर्यंत आलंय, ३२पासून पुढे चालवा. नसेल तर ते सगळं एका माणसाच्या डोक्यात राहतं आणि तो आजारी पडला की काम थांबतं. आमचा डेटाबेस पंधरा वर्षांचा आहे, आता काय, असं म्हणणाऱ्यांसाठी बेसलाइनची सोय असते. आज जसा आहे तसा साचा पहिली नोंद मानायचा आणि उद्यापासून पुढचं लिहायचं. मागचा इतिहास परत येत नाही, पण तुटलेला धागा पुढे लांबत तरी नाही.

रोज बॅकअप घेतो, मग हे कशाला, असंही विचारतात. बॅकअप म्हणजे कालच्या सातबाऱ्याची झेरॉक्स. त्यात कालची स्थिती आणि माहिती असते, कारणं नसतात. उलट बाजूही तितकीच खरी: नोंदवही माहिती परत आणू शकत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेसमधली माहिती चुकून पुसली गेली आणि ठरलेले बॅकअप कामाला आले नाहीत. शेवटी सहा तास आधीच्या एका प्रतीवरून गाडी रुळावर आली; मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या, लोकांचे गिटमधले कोड मात्र सुखरूप राहिले. कोडचा इतिहास जपणं हाच जिचा व्यवसाय, तिच्यावर ही वेळ आली. दोन्ही वेगळी कामं आहेत, दोन्ही हवीत. म्हणूनच माहिती वहीत कोंबायचा मोहही टाळावा. ग्राहकांची नावं, मोबाइल, पासवर्ड एकदा गिटच्या इतिहासात गेले की पुढच्या कमिटमध्ये पुसले तरी जुन्या कमिटमध्ये राहतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर ही हलगर्जी महागात पडू शकते.

सर्वांत अवघड आक्षेप उरतो: कोड मागे नेता येतो, डेटाबेस कसा नेणार? काढून टाकलेला कॉलम परत घालता येतो, पण तो रिकामा येतो. हे खरं आहे आणि कोणतंही साधन ते बदलू शकत नाही. म्हणून परतीची वाट नंतर शोधण्यापेक्षा पावलं लहान टाकायची. 'मोबाइल'चं 'संपर्क क्रमांक' करायचं तर आधी नवा कॉलम घालायचा, काही दिवस दोन्हींत लिहायचं, जुने नंबर नव्यात आणायचे, प्रोग्राम नव्यावर न्यायचा आणि आठवडाभर कोणाची तक्रार आली नाही की मग जुना काढायचा. एकाच्या जागी चार-पाच कमिट होतात. शेवटचं सोडलं तर प्रत्येक ठिकाणी थांबता येतं, मागे फिरता येतं.

आपली वही खरी आहे का, हे पाहायला मोठी चौकशी लागत नाही. एक रिकामा सर्व्हर घ्यावा, पहिल्या नोंदीपासून शेवटच्यापर्यंत सगळ्या फाइली चालवाव्यात आणि जो साचा उभा राहील तो चालू डेटाबेसशी ताडून पाहावा. जुळला तर वही खरी. न जुळलेला एकेक कॉलम म्हणजे नोंद न धरता कोणीतरी, कधीतरी मारलेली कुदळ. ती शोधून वहीत उतरवायची आणि ज्या दारातून ती आत आली ते दार शोधायचं. सेटिंगची खरी यादी त्या शोधातूनच तयार होते.